पाळीतला दुर्मुस

ही गोष्ट खरी आहे. हातात पाणी घेऊन सांगतो, अक्षर न अक्षर खरी. फक्त तलावाचं नाव खरं नाही. ते मी बदललंय, कारण तिथं आजही दर रविवारी बोटिंग चालतं आणि कोणाच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही. माणसांची नावंही थोडी इकडची तिकडं केली आहेत. आणि हे घडलं तेव्हा मी तिथंच उभा होतो, असं मी आजवर चार बैठकींत सांगितलंय. तर तेही तितकंसं खरं नाही. त्या दिवशी मी बडनेऱ्याला साडूकडे रोडगे आणि वांग्याची भाजी हाणत बसलो होतो. माझी बायको माझ्या कुठल्याही गोष्टीतून निम्मं वजा करून उरलेलं ऐकते. तुम्हीही करा. पण वजा नेमकं काय करायचं ते मी शेवटी सांगेन, शब्द देतो. तोवर दिवा जरा अलीकडं ओढा.

नांदगाव खंडेश्वर मागं टाकलं की उजव्या हाताला एक फाटा फुटतो. तूर आणि कपाशीतून तीनेक किलोमीटर आत गेलं की समोर एक लांबट, बुटकी टेकडी आडवी झोपल्यासारखी दिसते. ती टेकडी नव्हे, बोरतलावाची भिंत. सिमेंटचा कण नाही तिच्यात. पोटात चिकण माती, दोन्ही अंगांनी मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर, बस. गावातले लोक तिला धरण म्हणतच नाहीत. पाळ म्हणतात.

सहदेवभाऊ त्या पाळीचा चौकीदार. वय अठ्ठावन्न, मिशी फुटत होती तेव्हापासून रोजंदारीवर. सकाळी आणि दिवेलागणीला पाळीवरून एक फेरी मारायची, पाण्याची पातळी वहीत लिहायची, हे खात्याचं काम. त्याचं स्वतःचं काम वेगळं होतं. पाळीच्या खालच्या अंगाला, अगदी पायथ्याशी, एक दगडी नाली होती. पाळीतून झिरपलेलं पाणी तिथं थेंबथेंब गोळा व्हायचं. सहदेवभाऊ रोज सकाळी ते एका चपट्या काचेच्या बाटलीत भरायचा. बाटलीत आधी काय असायचं ते विचारू नका. भरलेली बाटली उन्हासमोर धरायची आणि चौकीतल्या फळीवर ठेवायची. सात वारांच्या सात बाटल्या. दुसऱ्या दिवशी बुडाशी गाळ बसलेला नसला की पाळ सुखरूप.

ही रीत त्याला त्याच्या मायनं, गोदाबाईनं शिकवली होती. तिनं ही पाळ आपल्या डोक्यावरून वाहून आणली होती, टोपली टोपली करून, बहात्तरच्या दुष्काळात. ती म्हणायची, "पाळीले घाम येते बाप्पा. घाम आला त भ्यायचं नाई. घामात माती आली त भ्यायचं. अन् घामच बंद झाला, त घरात थांबायचं नाई."

त्या दुष्काळात सहदेव पाच वर्षांचा होता. दुपारी कामावर सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड चुरा, वाटली जायची, तिचा भाजलेला गोडसर वास त्याच्या नाकात अजून होता. मायच्या वाट्याची सुकडी तो खायचाच, पण गंगूबाईच्या वाट्यातलीही अर्धी त्यालाच मिळायची. गंगूबाई मायची जोडीदारीण. बावीस-तेवीस वर्षांची, लेकरूबाळ नाही, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि पुरुषाच्या तोडीनं दुर्मुस मारणारी. दुर्मुस म्हणजे खाली जड ठोकळा आणि वर दांडा. उचलायचा आणि मातीवर आपटायचा, माती दगडासारखी बसेपर्यंत. पाळीच्या पायासाठी खोल चर खणला होता. गंगूबाई त्याच्या तळाशी दुर्मुस मारत होती आणि चराची एक बाजू वरून बसली. दोन दिवस लोकांनी उकरलं. सापडली ती फक्त तिची चुंबळ, टोपलीखाली डोक्यावर ठेवायची ती कापडाची गुंडाळी. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं, मुकादमानं चर भरून घ्यायला लावला आणि पाळ वर चढत गेली.

तेव्हापासून दर सर्वपित्री अमावस्येला गोदाबाई जुन्या लुगड्याच्या पट्टीची नवी चुंबळ वळायची आणि भाकर, तिखट, कांदा घेऊन पायथ्याशी त्या जागेवर ठेवून यायची. गोदाबाई गेल्यावर ते सहदेवभाऊकडं आलं. तो याबद्दल कोणाला सांगत नसे. विचारलंच तर, मुंग्यायले खाऊ घालतो, म्हणायचा.

आता शेखरकडं येऊ. शेखर बडनेऱ्याचा, तिशी ओलांडलेला, तोंडानं गोड. त्यानं तलावावर बोटिंगचा ठेका घेतला. पायडलनं चालणाऱ्या हंसाच्या बोटी आणल्या, नारिंगी लाइफ जॅकेटं आणली, दिलाचं चित्र असलेला फोटो काढायचा चौथरा बांधला. अमरावतीहून रविवारी मोटारी यायला लागल्या. सहदेवभाऊची बायको माणिकबाई फाटकाशी पेरू, बोरं आणि उकडलेल्या शेंगा विकायला बसू लागली. त्यांची दीड एकराची बागायत पाळीच्या खालीच, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दिवाळीचा झेंडू. घरही तिथंच. तेव्हा शेखरबद्दल तिचं मत चांगलं होतं, आणि सहदेवभाऊचंही वाईट नव्हतं.

मग त्या पावसाळ्यात शेखरनं पाळीच्या पायथ्याशी खाण्याच्या गाड्यांसाठी जागा केली. झिरपणाऱ्या पाण्यानं पाहुण्यांचे पाय चिकट होतात म्हणून नाली विटांच्या तुकड्यांनी बुजवली आणि वर रंगीत सिमेंटचे ठोकळे अंथरले. सहदेवभाऊ परगावी तेरवीला गेला होता. दोन दिवसांनी आला तोवर ठोकळ्यांवर पाणीपुरीची गाडी उभी.

त्यानं खूप सांगून पाहिलं. शेखर ऐकून घ्यायचा, खांद्यावर हात ठेवायचा, चहा पाजायचा. आणि दोन आठवड्यांत एक नवल झालं. पाळ झिरपायची थांबली. ठोकळ्यांच्या खालून नाही, बाजूनं नाही, कुठूनच थेंब येईना. शेखरनं कोरड्या पायथ्याचा फोटो मोबाइलवरच्या गटात टाकला, गळती शून्य म्हणून, आणि लोकांनी त्यावर हात जोडलेली चित्रं पाठवली. खात्याच्या अभियंता साहेबांनी फोनवरून शाबासकी दिली. प्रत्यक्ष दिवाळीनंतर येतो म्हणाले. पन्नास वर्षं गळणारी पाळ एका ठेकेदारानं विटांच्या तुकड्यांत बरी केली.

चौकीतल्या फळीवर सात बाटल्या कोरड्या उभ्या राहिल्या. सहदेवभाऊ त्यांच्याकडं बघायचा आणि त्याला मायचं शेवटचं वाक्य आठवायचं.

अमावस्येला तो भाकर आणि चुंबळ घेऊन गेला तर ठेवायला मातीच नव्हती. ठोकळ्यांवरच ठेवली. तासाभरानं गाडीवाल्यानं झाडूनं सगळं लोटून दिलं, गिऱ्हाइकांना कुत्री त्रास देतात म्हणून. भाकर गेली. चुंबळ सहदेवभाऊनं उचलून घरी आणली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आवाज आला.

तांबडं फुटायला थोडा वेळ होता. तलावावरून पांढरी वाफ उठत होती, हंसाच्या बोटी साखळीला बांधलेल्या, माना वर करून एका ओळीत उभ्या. टिटवीही बोलत नव्हती. सहदेवभाऊ पाळीवर मधोमध आला आणि त्याच्या तळपायाला काहीतरी लागलं. कानाला नव्हे. पायाला. खूप खोलून, ओल्या गादीवर कोणी मूठ मारावी तसं. धप… मग एवढी शांतता, की माणूस दांडा वर उचलेल. मग पुन्हा, धप…

त्याला तो ठेका ओळखीचा वाटला. पाच वर्षांचं पोर असताना तो या ठेक्यावर झोळीशेजारी झोपलेला होता.

तो तडक घरी आला. माणिकबाईला बाहेर अंगणात उभं केलं, म्हणाला, ऐक. तिनं डोकं एका अंगाला करून ऐकलं. पंपाचा नाही, ट्रॅक्टरचा नाही, काहीच नाही म्हणाली. वर, कानात तेल टाका, असंही म्हणाली. मग सहदेवभाऊनं तिला भाकरीचं सांगितलं.

"रागावली असंन का वो ती?" तिनं हळूच विचारलं.

त्यालाही तेच वाटत होतं. आणि चूक झाली ती इथं. पन्नास वर्षं जेऊ घातलेल्या बाईचं ताट आपण लोटू दिलं, आता ती बाहेर निघायचा रस्ता करून राहिली, असं त्याच्या मनानं घेतलं. आवाज रोज येत राहिला. दसरा झाल्यावर एका गुरुवारी दिवेलागणीला तो नारळ घेऊन ठोकळ्यांच्या कडेला बसला. गाड्या झाकलेल्या, माणूस नाही, तळणाच्या तेलाचा शिळा वास. त्यानं कपाळ जमिनीला टेकलं.

"गंगूमावशे… चुकलं माहं. नको येऊ बाहेर. लेकराबाळाचं गाव हाये खाली…"

जमिनीतून उत्तर आल्यासारखा ठेका वाढला. धप धप धप. मधली उसंत उरली नाही. सहदेवभाऊ नारळ तिथंच टाकून उठला आणि मागं न बघता घरी आला. रात्रभर माणिकबाई त्याच्या उशाशी बसून होती.

रविवार उजाडला. दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर, ऊन पाठ भाजणारं. तलाव काठोकाठ. दोन-अडीचशे माणूस जमलं होतं. पाण्यावर चौदा बोटी, निम्म्या बोटींत पोट्टे. पाळीखाली गाड्यांभोवती बाया, म्हातारे, तान्ही लेकरं. शेखरचा भोंगा गाणी ओकत होता. सहदेवभाऊ पाळीवर अनवाणी उभा होता, चपला हातात. तळपायाला ठेका लागत होता. तो आता दमलेला होता. दोन ठोके, मग खंड, मग एक.

तीनच्या सुमारास वीज गेली. भोंगा गप्प झाला. त्या शांततेत पाण्यावरच्या पोरांचं हसू स्पष्ट ऐकू आलं, आणि त्याच्या खाली एक ठोका. धप…

मग काही नाही.

सहदेवभाऊ वाट बघत राहिला. दांडा वर उचलायला लागतो तेवढा वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला. तो गुडघ्यावर बसला, तळहात टेकले. पाळ गप्प होती. आणि त्याच्या नाकात सुकडीचा वास शिरला. भाजलेला, गोडसर, पन्नास वर्षांत कुठंही न आलेला. वास पाळीच्या उतारावरून खाली जात होता आणि तो त्याच्यामागं गेला, गाड्यांच्या मागून, ठोकळे ओलांडून, तारेच्या कुंपणातून थेट आपल्या झेंडूच्या वाफ्यात.

वाफ्याच्या मधोमध जमीन उकळत होती. चुलीवरच्या भांड्यात डाळ खदखदते तशी, हंडाभर जागेत. झेंडूची दोन झाडं आडवी होऊन गोल फिरत होती. त्यानं खिशातली रविवारची बाटली काढून भरली. पाणी चहासारखं होतं.

तेव्हा त्याला कळलं. पाळीचा घाम बंद झाला नव्हता. नाली बुजली म्हणून पाण्यानं आतून दुसरी वाट कोरली होती आणि जाताना पाळीचं पोट खाऊन चाललं होतं. एवढे दिवस कोणी बाहेर येत नव्हतं. कोणी आत राहून ते भोक दाबत होतं, एकटीनं, रात्रंदिवस. आणि आता तिचा दम संपला होता.

शेखर जनरेटरशी झटत होता. सहदेवभाऊनं बाटली त्याच्या हातात दिली.

"शेखरभाऊ, पाह्य हे. पाळ फुटून राहिली."

शेखर हसायला गेला. मग त्यानं बाटली उन्हासमोर धरली. हात कसा धरायचा ते त्यानं रोज पाहिलं होतं. बुडाशी बोटभर गाळ बसत चालला होता. सहदेवभाऊ म्हणतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावरून ठेका, हप्ता, रविवार, सगळं एका क्षणात उतरलं. "लोक कोणीकडं न्यू?" एवढंच त्यानं विचारलं.

खालचे लोक बाजूच्या उंचवट्यावर, बोटी पल्याडच्या काठाला, असं ठरलं. शेखर शिट्टी फुंकत पळाला. आरडाओरड नको म्हणून बोटीवाल्यांना म्हणाला, पल्याड आइस्क्रीम फुकट आहे. मग चार जणांना घेऊन तो पाणी सोडायच्या दाराचं गंजलेलं चाक फिरवायला लागला, तळहाताची सालटं निघेपर्यंत.

माणिकबाई फाटकावरची टोपली टाकून धावत आली, आणि झेंडूत उरले नवराबायको. अशा भोकाला बूच मारायचं नसतं. पाणी दुसरीकडून फुटतं. वाळू टाकायची, वर गिट्टी टाकायची, पाणी येऊ द्यायचं आणि माती आत ठेवायची, भोवती पोत्यांचं कडं करायचं. हेही गोदाबाईचंच. ठोकळ्यांसाठी आणलेल्या रेतीचा ढीग कुंपणापलीकडं पडला होता. माणिकबाई तिथं खताच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरायची, ओढत आणायची, परत जायची. एकोणीस पोती होती घरात. सहदेवभाऊ गुडघाभर चिखलात वाकून ती लावत होता. कडं पुरं होत नव्हतं. पाणी बोटभर चढायचं, एक पोतं सरकायचं.

मग त्याच्या डाव्या अंगाला कोणी काम करायला लागलं.

त्याला वाटलं, माणिकच. पण माणिकबाईचा खोकला रेतीच्या ढिगाकडून येत होता. डावीकडं ओलं काहीतरी थपकन पडत होतं, मग चोपल्याचा आवाज, मग काचेच्या बांगड्या कोपराकडं घसरल्याचा बारीक किणकिणाट. सुकडीचा वास इतका दाट झाला होता की तोंडाला पाणी सुटलं. सहदेवभाऊनं मान वर केली नाही. का केली नाहीस, असं मी त्याला नंतर विचारलं.

"पाह्यलं असतं त हात थांबला असता," तो म्हणाला. "माहा नाई. तिचा."

दिवे लागायच्या वेळी साहेब आले, मागून यंत्रं, माणसं, टॉर्च. दार उघडं होतं, तलाव हातभर उतरला होता. कड्यातून निवळ पाणी शांतपणे वाहत होतं. साहेब भला माणूस. सहदेवभाऊच्या पाया पडायचाच बाकी राहिला. मग टॉर्चचा उजेड कड्यावर फिरवता फिरवता थांबला. एका बाजूला पोती होती, एकोणीस. दुसऱ्या अर्ध्या बाजूला पोतं नव्हतंच. पिवळ्या चिकण मातीचे टोपलीच्या आकाराचे गोळे एकावर एक बसवून, चोपून, गुळगुळीत भिंत केली होती. सात-आठ माणसांचं काम.

साहेबांनी बोटानं माती उकरून पाहिली. बारीक पांढरे शिंपले होते तिच्यात. ही माती इथली नव्हे, म्हणाले. ही पाळीच्या पोटातली. तिची खदान तलावाच्या तळाशी आहे, वीस फूट पाण्याखाली. कुठून आणली?

सहदेवभाऊ पाय धूत राहिला.

घरी गेल्यावर माणिकबाईनं दिवा लावला. खिळ्यावरची चुंबळ जागेवरच होती. तिच्यातून पाणी ठिबकत होतं, पिवळं.

पुढचं सगळं ठीक झालं. हिवाळ्यात पाळ उकरून दुरुस्त केली, नाली मोकळी केली. ठोकळे शेखरनं स्वतःच्या हातानं काढले आणि गाड्या बाजूच्या उंचवट्यावर नेल्या. पायथ्याशी घोंगडीएवढी माती मोकळी ठेवली, तिच्यावर कोणी पाय देत नाही. पुढच्या अमावस्येला भाकर शेखरनंच आणली, बडनेऱ्याहून बायकोच्या हातची, आणि सहदेवभाऊच्या मागं हात जोडून उभा राहिला. बाटल्यांत पाणी पुन्हा निवळ यायला लागलं. आणि आवाज त्या रविवारपासून कायमचा बंद झाला.

आता मी शब्द दिला होता, खोटं कोणतं ते सांगायचा.

मागल्या महिन्यात मी गेलो होतो तिथं. दिवेलागणीची वेळ. सहदेवभाऊ बाटली घेऊन पाळीवर गेला होता. ओट्यावर माणिकबाईनं माझ्यापुढं कपात चहा ठेवला. मी ही गोष्ट तिला ऐकवत होतो, अगदी इथवर आलो होतो, की बोलता बोलता माझी नजर कपात गेली. चहावर मधोमध एक बारीक वर्तुळ उठलं आणि कडेला जाऊन मिटलं. थोडी उसंत. मग पुन्हा एक.

माणिकबाईनं कप उचलून हळूच माझ्या हातात दिला.

"त्यायले नका सांगू, भाऊ," ती म्हणाली. "त्यायले आता आयकू येत नाई. मले येते."

तर आवाज कायमचा बंद झाला, हे मघाशी जे सांगितलं ते मी बनवलेलं आहे. बाकी काही वजा करू नका.